वन्संचं शिखर

२ डिसेंबर

ही वही मुलीने परस्पर बॅगेत घातली. रोज मनातलं लिहीत जा, म्हणे. मनात काय असतं माणसाच्या? दूध नासलं का, गॅस बंद केला का. पण कोरी वही वाया घालवणं माझ्या जिवावर येतं, म्हणून लिहिते.

आज दुपारी वन्संकडे येऊन पोचले. वन्सं म्हणजे माझी थोरली नणंद, यांची बहीण. वय सदुसष्ट, लग्न केलं नाही, कुणाचं ऐकलं नाही. शाळेत चित्रकला शिकवून पोट भरलं आणि गेले सव्वीस हिवाळे गावासमोरच्या एकाच शिखराचे फोटो काढले. सव्वीस हिवाळे, एक डोंगर. आम्ही घरी यावरून किती हसलो असू. हे तर म्हणायचे, ताईचं त्या डोंगराशी लग्न लागलंय, नुसता आहेर द्यायचा राहिलाय.

मागच्या महिन्यात त्यांचं पत्र आलं. हात थरथरायला लागलाय, कॅमेरा सांभाळवत नाही, एवढा एक हिवाळा सोबतीला ये. मी टाळाटाळ करत होते, तर मुलीने तिकीटच काढून पाठवलं. हे गेले त्याला चौदा महिने झाले आणि मी रिटायर झाले त्याला आठ. घरात मी पडदे उघडत नाही म्हणून मुलगी कटकट करते. पण खिडकीसमोर भिंतच आहे, उघडून बघायचं काय?

वन्संचा हात खरंच वाईट आहे. चहाचा कप बशीत नुसता वाजत होता. या घरातलं एक माणूस माझ्या डोळ्यांदेखत गेलं, आता दुसरं नको.

५ डिसेंबर

चार दिवस झाले, शिखर दिसलेलं नाही. नुसते ढग. मी म्हटलं, वन्सं, डोंगर आहे ना नक्की, का सव्वीस वर्षं आम्हाला फसवलंत? हसल्या नाहीत. मग मला बसवून सगळं नीट सांगितलं.

इतक्या वर्षांत त्यांना हवा तो फोटो एकदाही मिळालेला नाही. नुकताच बर्फ पडून गेलेला हवा, आभाळ स्वच्छ हवं, आणि सकाळचं पहिलं ऊन खालच्या खांद्यापासून टोकापर्यंत सगळं अंग उजळणारं हवं. कधी ढग आडवा आला, कधी वाऱ्याने कॅमेरा हलला, कधी वन्संनाच ताप. आणि आता हा शेवटचा हिवाळा. फेब्रुवारीच्या पंधरा तारखेपासून त्या खांद्यावर रोपवेचे लोखंडी खांब बसणार. मग काढा किती हवे तितके फोटो, प्रत्येकात खांब. गावात नवं हॉस्पिटल उभं राहतंय, त्याच्या हॉलमधली नऊ फुटांची भिंत वन्संसाठी रिकामी ठेवली आहे. खाली त्यांच्या नावाची पट्टी. फोटो नाही मिळाला तर तिथे बाजारातलं छापील चित्र येईल.

हे सगळं त्यांनी दूधवाल्याचा निरोप सांगावा तसं सांगितलं. पण मग उठून बेसिनशी जाऊन उभ्या राहिल्या, आणि बेसिनमध्ये एकही भांडं नव्हतं. मी मनाशी ठरवलं, काही झालं तरी या बाईला हा फोटो मिळवून द्यायचा. मी फक्त ओझं उचलणार, पण नीट उचलणार.

११ डिसेंबर

दिसलं!

पहाटे साडेपाचला वन्संनी उठवलं. कॅमेऱ्याची पेटी माझ्या पाठीवर, त्याचं तीन पायांचं तिकाटणं माझ्या खांद्यावर, काळं फडकं माझ्या गळ्यात, आणि वन्संच्या हातात थर्मास. गावाच्या वरच्या अंगाला पाण्याची टाकी आहे, तिच्या छतावरून फोटो काढायचा. तीनशे चाळीस पायऱ्या. माझ्या तोंडाला फेस आला. टाकीवाला म्हणून एक बडबड्या माणूस आहे, तो फाटक उघडतो आणि न विचारता आजचं हवामान सांगतो. त्याचं आजवर एकदाही बरोबर आलेलं नाही असं वन्सं त्याच्यासमोरच म्हणाल्या. तो खूश झाला.

सात वाजता ढग फाटला. मी थर्मासचं झाकण लावत होते, मान वर केली आणि तशीच राहिले. इतकं मोठं आणि इतकं गप्प काही मी आयुष्यात पाहिलं नाही. मी एकतीस वर्षं एक्सरे काढले. रोज साठ-सत्तर छात्या. मला वाटलं होतं बर्फ म्हणजे पांढरा, चुन्याने रंगवल्यासारखा. कुठला! टोकाशी ऊन, त्याखाली राखाडी, त्याखाली निळसर, आणि पूर्वेच्या अंगाला एकाखाली एक सात उंचवटे, अगदी बरगड्यांसारखे. तिसऱ्या आणि चौथ्यामध्ये एक बारीक काळी रेघ. मी म्हटलं, तिथे काहीतरी आहे. वन्सं माझ्याकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, ती दरड मला दिसायला नऊ वर्षं लागली, एक्सरेबाई.

त्यांनी मला असं नाव ठेवलंय. ठेवू दे.

पाच मिनिटांत ढग मिटला. फोटो नाही. पण मला भूक लागली. घरी येऊन चार पोळ्या खाल्ल्या.

२० डिसेंबर

शिकवणी जोरात. हा कॅमेरा म्हणजे लाकडी खोकं. मागच्या काचेवर शिखर उलटं दिसतं, टोक खाली, आभाळ पायाशी. एकेक फिल्म म्हणजे तळहाताएवढं पान, ते अंधारात होल्डरमध्ये भरायचं. वन्संचा हात थरथरतो म्हणून भरते मी, फोकस करते मी. त्या शेजारी स्टुलावर बसून खडे बोल सुनावतात.

काल पहिलंच पान मी प्रकाश मोजायचं मीटर सांगेल तसं काढलं, तर बर्फ धुऊन न निघालेल्या चादरीसारखा करडा आला. वन्संनी कपाळावर हात मारला. मीटरला सगळं जग करडंच दिसतं, बर्फ असेल तर त्याचं ऐकायचं नाही, प्रकाश चौपट द्यायचा. हे मला पटलं. आमच्याकडेही लठ्ठ पेशंट आला की मशीनचं कोण ऐकत होतं?

त्यांच्या आजाराची मला काळजी वाटते. मी आले तेव्हा उजवा हात थरथरत होता, आज बघते तर डावा. म्हणजे पसरतंय. डॉक्टरकडे चला म्हटलं तर ऐकत नाहीत, गोळ्या चालू आहेत म्हणतात. गोळ्यांची डबी मी उघडून पाहिली. पेपरमिंटचा वास येतो. हल्ली औषधंसुद्धा चवीची करतात.

४ जानेवारी

माझ्या कोटाचं बटण तुटलं. सुईदोरा काढून ठेवला आणि चष्मा शोधायला गेले, परत येते तर वन्संनी सुई एका दमात ओवली आणि बटण लावूनही टाकलं. अशा हातांनी! मी दारात उभी राहून पाहत होते, त्यांना माहीत नव्हतं. मला पाहिलं तशी सुई बोटांतून गळलीच. किती जीव एकवटून केलं असेल त्यांनी. मनाचा निग्रह म्हणतात तो हा. हे पण असेच होते, शेवटच्या आठवड्यातही दाढी स्वतः करायचे.

यांच्याबद्दल इतकं सरळ लिहिता आलं, आश्चर्य आहे.

मुलीचा फोन होता. आत्याचा हात कसा आहे, म्हणून विचारलं. वाईट आहे म्हटलं तर म्हणाली, मग तुलाच सगळं करावं लागत असेल ना? मी म्हटलं, सगळं. मग तिने विचारलं, जेवतेस ना? मी तिला बर्फाच्या सावल्यांबद्दल सांगत बसले, अर्धा तास. बिल तिचं होतं.

१५ जानेवारी

आठ दिवस बर्फ. फिल्म धुवायची बाथरूममध्ये, दाराला कांबळं लावून. वन्सं शेजारी उभ्या राहून सांगतात, मी करते. फिल्म धुताना काळोख म्हणजे काळोख, स्वतःचा हातसुद्धा दिसता कामा नये. कागदावर छापायच्या वेळी मात्र लाल दिवा चालतो, तो खुंटीवर टांगलेला आहे. मला या कामात मजा येते. अंधारात ट्रेमध्ये फिल्म हलवत असताना वन्संनी त्यांच्या लहानपणच्या गोष्टी सांगितल्या. हे सहा वर्षांचे असताना सायकलवरून विहिरीच्या कठड्यावर कसे आदळले होते ते. मी मोठ्याने हसले. बाहेर आल्यावर वन्संचे डोळे लाल होते. रसायनांनी होतं तसं.

२३ जानेवारी

आज डोळ्यांचं पारणं फिटलं.

रात्री बर्फ पडून गेलेला, वारा पडलेला, आभाळ धुतलेल्या काचेसारखं. सव्वासात वाजता टोक पेटलं आणि ऊन एकेक बरगडी उतरत खांद्यापर्यंत आलं. मध्ये काही नाही. ढग नाही, धूर नाही, पाखरूसुद्धा नाही. मी सहा पानं काढली, एकाहून एक. बटण दाबायच्या आधी माझ्या तोंडून सवयीने निघालं, "श्वास रोखा." टाकीवाल्याने खरोखर रोखला, पार लाल झाला.

वन्सं स्टुलावर बसून शिखराकडे न बघता माझ्याकडेच बघत होत्या. मग म्हणाल्या, झालं. सव्वीस वर्षांनी झालं. मी त्यांना मिठी मारली. आमच्यात मिठ्या मारायची पद्धत नाही.

२४ जानेवारी

लिहायला हात धजत नाही. पण लिहिते, कारण केलंय मी.

काल दुपारी वन्संना हॉस्पिटलच्या इंजिनिअरने भिंत मोजायला बोलावलं होतं. मी म्हटलं, तुम्ही जा, मी धुते, आता मला येतं. आनंदात होते मी. कांबळं लावलं, दार लावलं, होल्डर उघडले, सहाही पानं काढून ट्रेमध्ये सोडली, आणि गाणं गुणगुणत खुंटीवरचा लाल दिवा लावला.

एकतीस वर्षं मी एक्सरेची फिल्म लाल दिव्यातच धुतली. एक्सरेच्या फिल्मला लाल दिवा बाधत नाही. हात आपोआप गेला. डोक्याने काहीच केलं नाही, हातानेच केलं. पाच मिनिटं मी त्या लाल उजेडात ट्रे हलवत उभी होते आणि सहाही पानं हळूहळू काळी होत गेली, कडेपासून कडेपर्यंत. शिखर नाही, बरगड्या नाहीत, काही नाही. तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. बाथटबच्या काठावर बसून राहिले.

दुसरी बाई असती तर सांगितलं असतं की फिल्मच खराब होती. माझ्याही मनात आलं, खोटं कशाला लिहू. पण वन्सं आल्या, गालावर थंडी, हातात मोजमापाचा कागद, आणि मी सरळ सांगून टाकलं. लाल दिवा लावला मी.

त्यांनी ट्रेमधलं एक पान उचललं, खिडकीशी धरलं, परत ठेवलं. कागदाची घडी केली. खोलीत गेल्या. रात्री जेवल्या नाहीत. मीही नाही.

आज सकाळी मी बॅग भरली.

२५ जानेवारी

बॅग वन्संनी रिकामी केली. माझे कपडे परत कपाटात लावत म्हणाल्या, "फिल्मची दोन पानं शिल्लक आहेत. नवा डबा यायला महिना लागेल. तू गेलीस तर ती काढणार कोण?"

मी म्हटलं, टाकीवाल्याला शिकवा, तुम्ही स्वतः काढा, पण माझ्या हातात देऊ नका. मी फिल्म मारली तुमची. तर म्हणाल्या, "पहिल्या वर्षी मी लेन्सचं झाकण न काढता अकरा पानं काढली होती. हे तुझ्या नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं."

मला हसू यावं की रडू, कळेना. दोन्ही आलं.

३ फेब्रुवारी

ढग. बारा दिवस उरले.

वन्संनी आज बाथरूमच्या खुंटीवरचा लाल दिवा काढून कपाटात कुलूपबंद केला. मला बरंच वाटलं.

पहाटे अंधारात त्या एकट्याच खिडकीशी उभ्या असतात, ढग हटतात का बघत. मी झोपलेय असं समजून. हे सगळं माझ्यामुळे. तरी त्या मला दिवसातून तीनदा काळं फडकं पांघरून फोकस करायचा सराव करायला लावतात, समोरच्या चांभाराच्या पाटीवर. मी त्यांच्या जागी असते तर असल्या एक्सरेबाईला केव्हाच घरी धाडलं असतं.

११ फेब्रुवारी

चार दिवस उरले असताना आज पहाटे उघडलं.

टाकीवाला म्हणाला, आज ढग येणार बरं का, तेव्हा मला धीर आला.

पण पश्चिमेकडून खरंच ढगांची भिंत सरकत होती. ऊन टोकाला लागलं तेव्हा ढग अजून लांब होता. पहिलं पान मी घाईने काढलं आणि त्याच क्षणी वाऱ्याचा झोत आला, तिकाटणं हललं. गेलं. आता एक.

माझा धीरच सुटला. मी लांब वायरचं बटण वन्संच्या हातात दिलं. म्हटलं, वन्सं, तुमचं शिखर आहे, तुम्हीच दाबा. एवढा एक क्षण हात स्थिर धरा. तुमचा निग्रह मी पाहिलाय, जमेल तुम्हाला.

त्यांनी बटण घेतलं. उभ्या राहिल्या. ऊन दुसऱ्या बरगडीवर, तिसऱ्या, चौथ्या. शिखराच्या धारेवरून बर्फाची बारीक भुकटी उडत होती आणि तिच्यातून ऊन जात होतं. असं तर तेवीस तारखेलाही नव्हतं. मी वन्संच्या हाताकडे पाहिलं. हात दगडासारखा स्थिर होता. थंडीने आखडला असणार. त्यांच्या चेहऱ्यावर असं काही होतं की माझ्याने बघवेना. भुकेल्या माणसासमोर ताट यावं तसं.

मग त्यांनी माझी हातमोजा घातलेली बोटं उघडली आणि बटण परत माझ्या मुठीत ठेवलं.

"नाही जमत मला. तूच काढ. आणि घाई करू नकोस, ऊन खांद्यापर्यंत येऊ दे. तुला दिसेल केव्हा ते."

दोन्ही हात कोटाच्या खिशात घातले आणि मागे जाऊन उभ्या राहिल्या. एवढ्या जवळ येऊन शरीराने दगा द्यावा! मला त्यांच्यासाठी इतकं वाईट वाटलं की भीतीच पळाली. थांबले. वारा पडू दिला. ऊन सातव्या बरगडीवरून घसरून खांद्यावर टेकलं, दरडीची रेघ लख्ख झाली, आणि मी दाबलं. दोन मिनिटांत ढगाने सगळं गिळलं.

१२ फेब्रुवारी

काळोखात धुतलं. ठार काळोखात. वन्सं दाराबाहेर बसून मिनिटं मोजत होत्या.

आलंय.

सगळं आलंय. उडणारा बर्फसुद्धा. वन्संनी पान उजेडाशी धरलं आणि उभ्या उभ्या रडल्या. मी त्यांना असं हे गेले तेव्हाही पाहिलं नव्हतं. म्हणाल्या, मला सव्वीस वर्षं जे दिसत होतं ते हेच. त्यांच्या या शब्दांपेक्षा मोठं बक्षीस मला आजवर कुणी दिलेलं नाही.

९ मार्च

आज हॉस्पिटलच्या हॉलमध्ये फोटो लागला. नऊ फुटी. लोक आत येतात आणि चालता चालता थांबतात. एक म्हातारे गृहस्थ नंबर पुकारला तरी उठेनात. मी लांब खांबाशी उभी राहून बघत होते.

पट्टीवरच्या नावासाठी ऑफिसच्या बाईने कागद दिला होता. मी वन्संचं नाव लिहिलं. वन्संनी माझ्या हातातून पेन घेतलं, ते नाव खोडलं आणि माझं लिहिलं, पूर्ण नाव, यांच्या नावासकट. मी वाद घातला. हॉस्पिटलमध्ये आवाज चढवू नये हे मीच लोकांना एकतीस वर्षं सांगत आले, तरी चढवला. शिखर तुमचं, कॅमेरा तुमचा, सव्वीस हिवाळे तुमचे. त्या म्हणाल्या, हिवाळे माझे, फोटो तुझा. आणि विषय संपवला.

पण एक गोष्ट मात्र चांगली झाली. त्यांचं अक्षर! बारीक, वळणदार, एक रेघ इकडची तिकडे नाही. गोळ्यांचा गुण आला शेवटी. मी म्हटलं, वन्सं, हात बरा झाला की तुमचा, आता मी जायला मोकळी. त्यांनी पेनाचं टोपण लावलं आणि जरा वेळ फोटोकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, थरथर थंडीत परत उलटते. शिवाय नदीवर उन्हाळ्यात धुकं असतं, ते कुणी अजून नीट काढलेलं नाही.

संध्याकाळी मुलीला फोन केला. म्हटलं, तिकडचं घर भाड्याने देऊन टाक आणि माझे उन्हाळ्याचे कपडे पाठव. वन्संचा आजार परत उलटणारा आहे, आणि कॅमेरा त्यांना एकटीला झेपणार नाही. असल्या बाईला या अवस्थेत सोडून येणं माझ्याच्याने होणार नाही. मुलगी फोनवर हसत होती का रडत होती, काही कळलं नाही. मध्येच म्हणाली, आत्याला दे. वन्संनी फोन दोन्ही हातांनी कानाशी धरला आणि एवढंच म्हणाल्या, "झालं हो, ठरलं होतं तसं."